चौथी पांढरी

वाटूरच्या महिला भजनी मंडळात पहिला आवाज द्वारकाबाईंचा, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. गुरुवारी मारुतीच्या देवळात बाया जमल्या की सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघायच्या. त्या जिथून उचलतील तिथून भजन निघायचं. आवाज जाड, भरदार. टाळांच्या गलक्यातही वेगळा कळायचा.

मग त्यांच्या धाकट्या जावेनं, उषाबाईनं, पेटी आणली.

उषाबाई आजवर मागच्या रांगेत बसून टाळ वाजवणारी. तिच्या मुलानं, आदिनाथनं, जालन्याहून जुनी पेटी आणून दिली आणि गावातले कचरूबुवा शिकवायला येऊ लागले. दोन्ही जावांच्या घरांत एकच भिंत. सकाळी पलीकडून सा रे ग म सुरू झालं की इकडं द्वारकाबाईंची भाकरी तव्यावर करपायची.

"हौस हाय, फिटंल चार दिसांत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"बरी वाजवून राह्यली की," साहेबराव म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या कालवणात मीठ नव्हतं. त्यांनी ते वरून घेतलं.

हौस फिटली नाही. दिवाळीनंतर उषाबाई पेटी घेऊन देवळात आली. बुवांनी तिला पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून वाजवायला शिकवलं होतं आणि तिला तेवढंच येत होतं. द्वारकाबाईंनी नेहमीप्रमाणं आपल्या मनानं भजन उचललं. उषाबाईचा हात थांबला.

"अक्का, तुमचा सूर पेटीत बसंना. जरा वर घ्या की."

त्यांनी वर घेतलं. अंतऱ्याला आवाज फाटला. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. शेवटी अक्षता नावाच्या एका नव्या सुनेनं भजन पुढं नेलं. संध्याकाळी आदिनाथनं गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्यात उषाबाईची बोटं अगदी जवळून दिसत होती आणि द्वारकाबाईंचं नुसतं कोपर.

कापूस वेचायला जाताना उषाबाई घराची चावी जावेकडं ठेवायची. एका दुपारी द्वारकाबाई दुधावर झाकण आहे का बघायला म्हणून आत गेल्या आणि पेटीसमोर बसल्या. पट्टी दाबली, भाता हलवला. आवाज नाही. एक खुंटी ओढली तशी पेटी एकदम ओरडली. घाबरून त्यांनी ती मिटली, कडी घातली, घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

शिकवायला कुणी नव्हतं. त्या तोंडानं आपला सूर धरायच्या आणि तो सापडेपर्यंत एकेक पट्टी दाबत जायच्या. खालच्या बाजूच्या चौथ्या पांढरीवर तो सापडला. तिथून चढायला लागल्या. पहिले तीन सूर बरोबर आले. चौथ्याला पांढरी दाबली तर दूध नासल्यासारखं वाटलं. शेजारची काळी दाबून बघितली, आणि सूर जागेवर बसला.

त्यांनी पुन्हा खालपासून चढून बघितलं. म्हणजे आपला सूर चुकत नव्हता. उषाला एकाच जागेवरून येत होतं. त्यांना आनंद झाला, पण त्यातला अर्धा उषाच्या होणाऱ्या फजितीचा होता.

गुरुवारी त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आज मी माझ्या जागेवरनं म्हणते. चौथी पांढरी. वाजव."

उषाबाई चुकली. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा तिनं भाता मिटला आणि हात मांडीवर ठेवले. द्वारकाबाई मोकळ्या गळ्यानं शेवटपर्यंत गायल्या. परतताना उषाबाई पेटी कवेत घेऊन एकटीच पुढं निघून गेली.

त्यानंतर ती देवळात येईना. भिंतीपलीकडून मात्र तेच भजन ऐकू यायचं, चौथ्या पांढरीपासून, आणि दर वेळी त्याच जागी अडखळायचं. द्वारकाबाईंना सुरुवातीला ते गोड लागलं. पण पुढं पुढं तो नासका सूर जवळ आला की त्या आपसूक बरोबरचा सूर गुणगुणायच्या. एकदा तूर निवडता निवडता त्यांना राहवेना.

"उषे, तिथं काळी घे."

पेटी थांबली. "कोणती?"

"दाबून राह्यलीस ना, तिच्या डाव्या अंगाची."

सूर बसला. थोड्या वेळानं उषाबाई दारात येऊन उभी राहिली. "तुम्हाला कसं ठाव?"

"तू रानात गेल्यावर मीच वाजवत व्हते."

"मंग त्या दिशी मला मुद्दाम पाडलं."

"व्हय."

उषाबाई उंबऱ्यावर बसली. सुपातल्या तुरीतला एक खडा तिनं उचलून बाहेर टाकला. "तुमचा आवाज फाटला तवा मलाबी बरं वाटलं व्हतं, अक्का."

द्वारकाबाईंनी सूप तिच्याकडं सरकवलं. दोघींनी मिळून तूर निवडली.

आता मंडळ परतूरला, जाफराबादला जातं. भजन चौथ्या पांढरीवरून निघतं. उषाबाईचा हात कुठल्या कुठं गेलाय. द्वारकाबाई अजून दुपारी पेटीवर दोन बोटांनी चाचपडतात, आता उघडउघड. गावोगाव लोक विचारतात, "पेटीवाल्या बाई कोणत्या?" तेव्हा द्वारकाबाईंना ते अजूनही झोंबतं. मग त्या पहिली ओळ मुद्दाम जलद उचलतात. उषाबाईला ते कळतं. ती मान खाली घालून, ओठ दाबून, त्यांच्या मागं पेटी पळवते.