कोरडी रेषा

त्या माणसाने मला वैताग आणला होता. मी रत्नागिरीतल्या एका बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक, आणि हा कुवेतहून परतलेला, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ. सरावाला येऊन बसायचा आणि चेंडू सोडून जमिनीकडेच बघायचा. तिकडे व्यावसायिक सामन्यांत मैदानावरचा घाम पुसायची त्याची नोकरी होती. नाव मी कधी विचारलंच नाही.

“मास्तर, सगळे रिंगखाली काय जमवलेत? पंगत बसलीय काय?” तो ओरडायचा. “बाहेरच्याला धरा! जिंकणाऱ्या टीमचा घाम मी लांबच्या रेषेवर पुसलाय.”

“तुम्ही फडकंच मारा, शिकवायचं मी बघतो,” एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

अंतिम सामन्यात मी हट्टाने पाचही जणांना रिंगखालीच ठेवलं. पाहुण्या संघाने लांबच्या रेषेवरून निवांत नेम धरून तीन-तीन गुण नेले. आम्ही हरलो. मी आमच्या सर्वांत उंच खेळाडूवर चारचौघांत खापर फोडलं, “तू ढिला पडलास!”

तेवढ्यात तो माणूस मैदानात आला. वाकून रिंगखाली हात फिरवला. तळवा ओला झाला. दुसरा हात लांबच्या रेषेवर फिरवला, तो कोरडाच. दोन्ही हात त्याने माझ्यासमोर धरले.

“बघा मास्तर. ह्याने घाम गाळलाय. तुम्ही सांगितलात तिथे.”

मी बघितलं, तरी शब्द मागे घेतला नाही. तो खेळाडू पुन्हा मैदानावर आला नाही. आज सत्तरी उलटल्यावर लिहून ठेवतो: तो ढिला पडला नव्हता. मी उभं केलं तिथेच तो उभा होता.