मेंढीच्या कानातून निघालेला पणजा

साखरा गावाकडच्या एका म्हाताऱ्या आजीनं मला मदत केली, हे आधी लिहितो. तिनं तोंड उघडलं नसतं तर माझ्या बापाला त्याच्या आज्याचं नाव कधीच कळलं नसतं. सातवीत शाळा सुटली माझी, लिहिताना हात अडखळतो. पण इथं गुजरातेत, टाईलच्या कारखान्यात, हे सांगावं तरी कुणाला? म्हणून लिहून राहिलो.

माझा आजा बिनलग्नाचा जन्मला. गावात सगळ्यांना माहीत, पण त्याचा बाप कोण हे पणजीनं मरेपर्यंत सांगितलं नाही. कागदावरही आज्याच्या नावापुढं आईचंच नाव. पित्रांच्या पंधरवड्यात आमचा बाप निखाऱ्यावर आगारी टाकतो, म्हणजे मेलेल्यांच्या नावानं घास. पहिला घास स्वतःच्या बापाचा, तो नाव घेऊन, मोठ्यानं. दुसरा त्याच्या आज्याचा, म्हणजे माझ्या पणज्याचा. तिथं नुसते ओठ हलायचे. लहानपणी मी विचारलं, "आबा, काय म्हणता?" तर म्हणाला, "काही न्हाई, चटका बसला." गेल्या वर्षी त्याला छातीची तकलीफ झाली. तेव्हापासून फोनवर एकच बोलणं, "मी गेल्यावर तू बी असाच मुका घास टाकशील."

उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो तर आमची एक मेंढी हरवलेली. आमच्याकडं मेंढीचा कान कापून खूण करतात. घराघराची वेगळी, आणि बाप ती फक्त पोराला देतो. आमची म्हणजे डाव्या कानाला खालून दोन खाचा, वर शेंडा उडवलेला. बाजारात बराबर तसाच कान दिसला. मी मेंढी धरली आणि ओरडलो, "ही आमची हाय!"

मागं बसलेली म्हातारी उठली. "सोड! भर बाजारात चोरी करून राहिला का रे?"

"कान बघा की. हा आमचा कान हाय."

"तुमचा? माझ्या सासऱ्याचा कान हाय हा. त्यानं माझ्या नवऱ्याला दिला, नवऱ्यानं पोराला. तुला कोणी दिला?"

"आज्यानं."

"आन् त्याला?"

भोवतीची माणसं हसू लागली. तेव्हा कुठं मी मेंढीचं तोंड बघितलं. आमची तांबड्या तोंडाची, ही काळ्या. मी कानापुढं काही पाहिलंच नव्हतं. माफी मागून निघालो, तर म्हातारीनं हात धरला. गाव विचारलं. डोंगरकड्याकडचं म्हणालो. मग पणजीचं नाव विचारलं. ते ऐकलं तसं तिनं मला शेजारी बसवलं.

"सासू भांडली की हेच नाव काढायची," ती म्हणाली. "तिकडं बारशाला कोकरू धाडलं, त्याला घरचा कान दिला, असं सासऱ्याला टोचायची. तो हूं की चूं करायचा न्हाई."

बारशाला एक कोकरू आलं होतं, एवढं पणजीही सांगायची. कुणाकडून, ते नाही. त्या कोकराच्या कानावरूनच आमची खूण चालत आलेली. मी एकावर एक विचारत सुटलो. उंच होता का? दिसायला कसा? तिच्याशी लग्न काहून केलं न्हाई?

"आधीच झालतं ना माझ्या सासूसंगं! आन् दिसायला कसा ते मला काय माहीत? सासऱ्याच्या तोंडाकडं बघायची सोय होती का आमाला? पाय इचार. टाचा भेगाळलेल्या, एवढं सांगते."

"मावशी, पण…"

"मावशी काय रे? आजी लागते मी तुझी."

तेवढ्यात तिचा मोठा पोरगा आला. "आई, काहून सांगून राहिली? उद्या वावरात हिस्सा मागंल तो."

"मागू दे न्हाईतर नको मागू दे. नावावर तर त्याचा बी हक्क हाय."

पण आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तिनं जन्मात घेतलं नव्हतं. मी म्हणालो, पोराला सांगायला लावा. पोरगा तोंड फिरवून उभा. मग तिनं पदर तोंडावर ओढला आणि ते नाव घेतलं. एकदाच. मी ते इथं लिहीत नाही, ते तिच्या घराचंही आहे.

यंदा पित्रांना बापानं फोन चालू ठेवला. दुसऱ्या घासाला मी ते नाव ऐकलं, मग बापाचं रडणं. मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या आजीचा पोरगा तेव्हापासून आईशी बोलत नाही, असं कळलं. पुढच्या सुट्टीत घरी जायच्या आधी साखऱ्याला उतरीन. आमाला वावर नको, असं त्याच्यासमोर कागदावर लिहून सही करीन. आजी, तुमचं पोरगं तुमाला परत आणून देईन, तेव्हाच माझ्याकडून काही फिटलं म्हणा.