शाळेला लावलेलं कुलूप

सांगलीच्या एका दैनिकात सहा वर्षं बातमीदारी केल्यावर मी स्पर्धा परीक्षा दिली आणि सातारा जिल्ह्यात गटविकास अधिकारी झाले. तिसऱ्याच महिन्यात, भर दुपारी, कोयनानगरच्या बाजूला जमीन हादरली.

तिकडच्या लोकांना हादऱ्यांची सवय. पण डोंगरातल्या एका गावातून मुख्याध्यापकांचा निरोप आला, "शाळेची भिंत बघून जा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभियंत्यांना घेऊन गेले. चौथीच्या वर्गात फळ्याच्या मागून थेट छतापर्यंत तडा गेला होता.

अभियंता म्हणाले, "नुसता गिलावा फुटलाय मॅडम. भिंत शाबूत आहे."

मुख्याध्यापकांनी हातातली पट्टी त्या फटीत घातली. ती निम्मी आत गेली.

"भिंत सुरक्षित आहे असं लेखी द्याल?" मी अभियंत्यांना विचारलं.

ते खाली बघू लागले. "वरिष्ठांना बोलवावं लागेल. आठ-दहा दिवस तरी जातील."

शेजारच्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती. बातमीदार असते तर दोघांचं म्हणणं लिहून घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परतले असते. आता मुलांना बाहेर काढायला सांगितलं आणि शाळेच्या दाराला कुलूप लावलं.

तासाभरात गाव मैदानावर जमला. सरपंच फौजेतून निवृत्त झालेले. आवाज न चढवता माझ्यासमोर उभे राहिले.

"आवं मॅडम, आमच्या घरांच्या भिंती बी अशाच फुटल्यात. त्यास्नी बी कुलूप लावता का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "किल्ली घ्या रं काढून!" गर्दी पुढं सरकली. किल्ली माझ्या मुठीत रुतली होती.

सरपंचांनी मागं न बघता हात आडवा धरला. "त्यास्नी बोलू द्या. पोरं कुठं बसवायची, मॅडम?"

"पत्र्याची शेड बांधून देते. महिन्याभरात."

"लिहून द्या."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहून दिलं.

शेडला अडीच महिने लागले. तोवर मुलं देवळाच्या ओट्यावर थंडीत कुडकुडत बसली. माझ्याच जुन्या दैनिकात बातमी आली, 'प्रशासनाचे कुलूप, विद्यार्थी उघड्यावर'. लिहिणारा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मी फोन करून चिडले, तर म्हणाला, "यातलं खोटं काय आहे, तेवढं सांग." खोटं काहीच नव्हतं.

पुढं वरिष्ठ अभियंत्यांनी भिंत पाडून नवी बांधायचा शेरा दिला. पाडकामाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. एका धक्क्यात ती खाली यावी, असं मला मनातून वाटत होतं. चार गडी पहारी घेऊन लागले, तरी भिंत पाडायला तीन दिवस गेले.

"लय घट्ट हुती," सरपंच म्हणाले.

"पुन्हा मोठा हादरा बसला असता तर?"

"त्ये आता कुणाला म्हाईत?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. "चला, च्या घ्या."