वाळलं नव्हे, वारलं

लिंबायतहून कडोदऱ्याला मी रोज ज्याच्या रिक्षानं कामाला जातो, तो बाबा वाटेतली मेलेली झाडं मोजतो. संशय आला की करकचून ब्रेक! खाली उतरून अंगठ्याच्या नखानं साल खरवडतो. आत हिरवं दिसलं तर भर रस्त्यात नाचतो, "जित्तं शे, भो!" मागे ट्रकवाले हॉर्न बडवत असतात. कोरडं निघालं तर टोपी काढतो. मी एकदा "वाळलं" म्हणालो, तर केवढा भडकला! "वाळस ते मानूस. झाड वारस!"

म्हातारं झाड वारलं तर तो फारसं मनाला लावून घेत नाही. यंदा मात्र कोवळी झाडं पटापट जाऊ लागली. "म्हातारं जास, ती रीत शे. पोरं जाऊ लागनात तर आख्खी झाडी आजारी शे," म्हणाला आणि कडोदऱ्यापर्यंत टोपी घातलीच नाही.

मध्यंतरी टायफॉइडनं मी महिनाभर अंथरुणात होतो. पुन्हा रिक्षात बसलो, तर रोज शेजारी बसणारी बाई म्हणाली, "अगंबाई, किती वाळलात!"

करकचून ब्रेक. माझा हात ओढून त्यानं नख खुपसलं. मी बोंबललो.

"जित्ता शे, भो!" म्हणत तो भर रस्त्यात नाचायला लागला.