सिद्धाप्पाचं राखलेलं कुरण

बाहत्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं डोळ्यांदेखत गेली, तेव्हापासून सांगोल्याकडचा सिद्धाप्पा धनगर टेकडीखालचं कुरण राखू लागला. चैत्राआधी तिथं तोंड घालायचं नाही, असा वाडीचा नेम. सख्ख्या भावाचं मेंढरू शिरलं तरी तो काठी घेऊन धावायचा.

पाच वर्षांनी पुन्हा पाऊस फिरकला नाही. पौषात सोलापूरहून दुष्काळाच्या पाहणीला एक साहेब आले. त्यांच्याकडं उपग्रहानं आभाळातून काढलेला फोटो होता. त्यात हिरवं लाल दिसतं, म्हणाले. सगळा माळ करडा आणि मधोमध एक लाल ठिपका.

"त्यो आमचाच की!" सिद्धाप्पा हरखला. त्यानं साहेबांना कुरणभर फिरवलं, ते कशासाठी राखलंय ते सांगितलं, घरी नेऊन भाकरी वाढली. साहेबांनी सगळं वहीत उतरवलं. "सरकारनं तुमच्याकडून शिकावं," म्हणाले.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. वाडीत गवत मुबलक आहे, खुद्द गावकऱ्यांनीच दाखवलं आहे, सबब चारा डेपो मिळणार नाही. डेपो मिळाला शेजारच्या गावाला, ज्यानं दिवाळीतच सगळं चारून संपवलं होतं.

"फोटू खोटा आसंल," बायको तानाबाई म्हणाली.

"फोटू खरा हाय. भाकरी खाऊन गेला त्यो खोटा."

दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पानं कुरणाचं काटेरी कुंपण स्वतःच्या हातानं उपसलं आणि अख्ख्या वाडीची मेंढरं आत घातली. आठवड्यात मुळंसुद्धा उरली नाहीत. उघड्या मातीत उभं राहून त्यानं आभाळाकडं तोंड केलं.

"काढ आता फोटू!"