विहीर बांधणाऱ्याने रचलेली भिंत

हिंगोलीला बदली होऊन आलो, त्या वर्षी लेकीसाठी फिश टँक घेतला. आत डोंगराचा देखावा हवा म्हणून मी दगड सिमेंटमध्ये बसवून भिंत केली. आठवड्यात सहापैकी तीन मासे मेले. लेक नीट जेवेना.

शेजारच्या शेतात विहीर बांधणारा गवंडी एका दुपारी पाणी मागायला आला. पन्नाशीचा, नखं झिजलेली. टँकपुढे थबकला, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"सिमेंट उतरून राहिलं पाण्यात. मासळी जगंल कशी? अन् साहेब, भिंत तुमी बघणाऱ्यासाठी बांधली. मासळीला लपाया जागाच न्हाई."

उरलेले मासे त्याने विहिरीच्या पाण्याच्या बादलीत ठेवले. माझी भिंत काढून टाकली, टँक धुतला आणि अंगणातले काळे दगड घासून आणले. प्रत्येक दगड तो हातात फिरवायचा. बसायची बाजू सापडली की मगच ठेवायचा. मध्ये मुद्दाम फटी सोडल्या. शेवटी भिंत तळहाताने ढकलून पाहिली. हलली नाही. मग त्याने टँकमध्ये विहिरीचं पाणी भरून तिन्ही मासे परत सोडले आणि चहा पिऊन तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकमध्ये एकही मासा दिसेना. मी दगड हलवून बघायला हात पुढे केला. लेक काचेला नाक लावून बसली होती.

"बाबा, थांबा ना जरा."

फटीतून एक नारिंगी तोंड बाहेर आलं. मग दुसरं, तिसरं. मी तिथंच फरशीवर बसलो.

पुढे पाहुणे विचारायचे, "मासे कुठंयत?"

लेक सांगायची, "घरात गेलेत. येतील."