गिटार, कूलर आणि गप्प बसायच्या जागा

माझ्या आतेभावाइतका स्वतःवर खूश माणूस अकोला जिल्ह्यात दुसरा नाही, आणि अमरावती जिल्हा मी सगळा पाहिलेला नसला तरी तिथेही नसावा. आपण जे करतो ते उत्तमच असतं आणि ऐकणाऱ्याला ते आवडलं नाही तर त्याच्या कानांत बिघाड आहे, अशी त्याची समजूत. तो गिटारवर मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक संगीत, वाजवतो. त्यातलीही नवी, अवघड जात. तळहाताने जाड तारा दाबून ‘जुग-जुग’ असा आवाज काढायचा, आणि तोही ठोका जिथे यायला हवा तिथे नाही, त्याच्या जरा आधी किंवा जरा नंतर. मधल्या जागा रिकाम्या सोडायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं की चुकलं, पण चुकलेलं नसावं, हे त्यातलं कौशल्य. यातला पहिला भाग त्याला कित्येक वर्षं उत्तम जमत होता.

आत्याच्या घरी पुढच्या खोलीत ही साधना चाले. शेजारच्या काकूंनी एकदा आत्याला विचारलं होतं, वेल्डिंगचं काम घरीच घेतलं का म्हणून. आतोबांचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं. तिथे गल्ल्यावर बसवलं की हा उजव्या हाताने मांडीवर जुग-जुग करत बसे आणि गिऱ्हाइकाने कपाशीवरच्या किडीचं औषध मागितलं की मान हलवून तुरीवरचं देई. गणपतीत तर त्याने कहरच केला. कॉलनीची आरती सुरू असताना याने टाळ्या सगळ्यांच्या मधल्या जागांत वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी कॉलनी त्याच्या टाळीवर आणि अर्धी स्वतःच्या टाळीवर गेली, आणि तिसऱ्यात सगळेच एकमेकांची तोंडं पाहू लागले. आत्याने त्याच्या हातात प्रसादाचं ताट दिलं ते कायमचं. पुढच्या कोणत्याच आरतीला त्याचे दोन्ही हात मोकळे राहणार नाहीत, याची ती काळजी घेते.

मी अमरावतीच्या राजापेठेत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले आणि बोलण्यापेक्षा पाहण्यात जास्त रमले. सुट्टीत मला अकोल्याला बोलावण्यामागे आत्याचं प्रेम होतं, पण आतेभावाचा हेतू वेगळा. तो व्हिडिओ पाहून शिकायचा. त्यात एक टक्कल केलेला गोरा मनुष्य भराभर इंग्रजीत समजावून सांगे. मग मला हाक यायची. “इंग्लिश मॅडम, इकडे ये. हा गोरा काय म्हणून राहिला?” मी ऐकायची आणि सांगायची. तो गोरा बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असे: ठोका सगळेच देतात, थांबायचं कुठे ते शिका. मी भाषांतर केलं, “इथे गप्प बस.”

“मी गप्प बसू का गिटार?”

“दोघांनी.”

हे त्याला जमणं शक्यच नव्हतं. जो मनुष्य जेवताना, दात घासताना आणि दुसऱ्याच्या बोलण्याच्या मध्येही बोलतो, त्याने अर्ध्या ठोक्यापुरतं गप्प बसायचं कसं? मला मात्र त्या जागा लगेच कळायच्या. गप्प बसणं हा माझ्या हातचा मळ.

अखेर त्याला गुरू भेटला तो कूलर. आत्याकडचा लोखंडी कूलर, बसल्या जागी खोलीएवढा. त्याची एका बाजूची ताटी, म्हणजे गवत भरलेली जाळीची चौकट, सैल झाली होती. पंखा सुरू झाला की ती पत्र्यावर आपटायची, पण सरळ नाही. तीनदा खट, मग थोडी शांतता, मग दोनदा खट, पुन्हा शांतता. आत्याचं डोकं उठायचं. ती पुठ्ठ्याची घडी करून फटीत बसवायची आणि हा ती उपसून टाकायचा. तो कूलरसमोर गिटार घेऊन बसे आणि ताटी गप्प बसली की हाही गप्प बसे. गोऱ्या माणसाने वर्षभर सांगून जे झालं नाही, ते त्या ताटीने एका उन्हाळ्यात करून घेतलं. मात्र त्याचा एक परिणाम झाला. मृगानंतर कूलर बंद पडला की याचं वाजवणंही बंद पडे. होळीपर्यंत तो नुसताच बोलायचा.

आणि नेमका डिसेंबरात नागपूरचा ड्रमर त्याला ऐकायला यायचं ठरलं. त्यांच्या बँडला गिटारवाला हवा होता. आतोबांनी आधीच सांगून ठेवलं: हा माणूस नाही म्हणाला तर गिटार माळ्यावर आणि दुकानाच्या किल्ल्या तुझ्या हातात, कायमच्या. मला अमरावतीहून बोलावण्यात आलं. का, तर तो इंग्रजीत बोलला तर? नागपूरचा मनुष्य अकोल्यात येऊन इंग्रजी बोलेल, हे फक्त माझ्या आतेभावालाच सुचू शकतं.

ड्रमर भला होता. छोटे ड्रम मांडून, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसला, कारण याने डिसेंबरात कूलर सुरू केला होता. पाणी न भरता, नुसता पंखा. खिडकीचे पडदे उडत होते, आत्या शाल घेऊन चहा आणत होती. थोड्या वेळाने ड्रमर म्हणाला, “भाऊ, कूलर बंद करा ना. थंडी वाजून राहिली.”

कूलर बंद झाला आणि माझा आतेभाऊही. त्याने सुरुवात केली, दोन ओळींत कोसळला. पुन्हा केली, पुन्हा कोसळला. जिथे थांबायचं तिथे धावला. ड्रमर जमिनीकडे पाहू लागला. दारात आतोबा उभे होते, हाताची घडी घालून. तिसऱ्यांदा हात तारांवर ठेवून तो काही बोलला नाही. मी त्याला पहिल्यांदाच न बोलताना पाहिलं, आणि ते मला पाहवलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, “एक, दोन, तीन, गप्प. एक, दोन, गप्प.”

अनोळखी माणसासमोर माझा एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. पण निघाला होता, म्हणून चालू ठेवला. आतेभावाचा हात हलला. गप्प म्हटलं की थांबला. ड्रमरने मान वर केली, काठ्या उचलल्या आणि त्या रिकाम्या जागांना मधूनमधून हात लावू लागला. मग दोघांचं एकदम जुळलं. चहाचे कप ट्रेमध्ये वाजत होते, तेही बरोबर जागी.

संपल्यावर आतोबांनी हाताची घडी सोडली. “आता सुरू झालं ट्रॅक्टर,” एवढंच म्हणाले आणि दुकानात गेले.

तो आता नागपुरात, त्या ड्रमरच्या बँडमध्ये असतो. कार्यक्रमात त्याच्या कानात एक यंत्र टिक-टिक करतं, मोजायला कुणी लागत नाही. परवा फोन आला. बराच वेळ स्वतःचं कौतुक करून झाल्यावर म्हणाला, “त्या गोऱ्याचा नवीन धडा पाह्यला. समजला मले सगळा.” मी म्हटलं, छान.

या उन्हाळ्यात आत्याकडे गेले. कूलर सुरू होता आणि अजिबात आवाज करत नव्हता. फटीत पुठ्ठ्याची घडी होती, उपसणारं कुणी नाही म्हणून धूळ धरून बसलेली. मी ती काढली.

खट, खट, खट.

“काहून काढलं वं?” आत्या स्वयंपाकघरातून आली, माझ्या हातून पुठ्ठा घेतला, कूलरपाशी वाकली. मग तशीच थांबली. ताटी गप्प झाली, पुन्हा वाजली, पुन्हा गप्प झाली.

“राहू दे थोडा वेळ,” ती म्हणाली, आणि पुठ्ठा हातात धरून माझ्या शेजारी बसली.